समीप दर्शन की समग्र दर्शन?

काही प्रश्न दिसावयास निव्वळ व्यवहाराचे असतात. त्यांचे उत्तर दुकानदाराने द्यावे, प्राध्यापकाने त्यांत पडू नये, असे कोणासही वाटेल. परंतु विहिरीचा गाळ उपसता उपसता खाली जिवंत झरा लागावा, तसा अशा प्रश्नांच्या तळाशी कधी कधी निराळाच प्रश्न हाती येतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या एका माजी विद्यार्थ्याने असाच एक प्रश्न आमच्यापुढे ठेविला. हा तरुण अहिल्यानगर जिल्ह्यातील, अकोले तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. दोन वर्षे पोटास चिमटा घेऊन त्याने कॅमेऱ्यासाठी पैसे साठविले होते. त्यास छंद दोन : रानातली जनावरे टिपणे आणि आखाड्यातल्या कुस्त्या टिपणे. त्याने विचारले, "सर, फुल फ्रेम घेऊ की क्रॉप सेन्सर?" आम्हांसही हा नाद पुष्कळ वर्षांचा असल्यामुळे त्यास आमचे मत हवे होते. आम्ही त्या दिवशी जे उत्तर दिले ते चुकीचे नव्हते. परंतु अपुरे होते. ते अपुरे का, याचा विचार वाचकांसमोर मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जिला आज 'फुल फ्रेम', म्हणजे पूर्ण चौकट, असे म्हणतात ती ३६ मिलीमीटर रुंद आणि २४ मिलीमीटर उंच असते. हे माप कोणा ऋषीने ध्यानात पाहिलेले नाही. चित्रपटाची ३५ मिलीमीटर रुंदीची फिल्म आडवी धरून तिजवर स्थिर चित्रे घ्यावी, ही युक्ती ऑस्कर बार्नाक या जर्मन यंत्रज्ञाने साधली, आणि १९२५ साली लाइका कॅमेरा लोकांपुढे आल्यानंतर ते माप रूढ झाले. पुढे फिल्मची जागा सिलिकॉनच्या सेन्सरने घेतली. एवढ्या मोठ्या आकाराचा निर्दोष सेन्सर घडविणे आरंभी फार खर्चाचे होते. म्हणून सुमारे २३.५ मिलीमीटर रुंद व १५.६ मिलीमीटर उंच असा लहान सेन्सर बसविण्याची चाल पडली. हाच क्रॉप सेन्सर. आपण त्यास कातरलेली चौकट म्हणू. निकॉन कंपनीचा डी१ हा डिजिटल कॅमेरा १९९९ साली निघाला तो या लहान सेन्सरचाच होता. आणि २००७ साली डी३ येईपर्यंत त्या कंपनीचे डिजिटल कॅमेरे वापरणारे सारे क्रीडा-छायाचित्रकार कातरलेल्या चौकटीतूनच सामने टिपीत होते. तेव्हा मोठी चौकट ती धंदेवाइकांची आणि लहान ती हौशांची, हा जो समज रूढ आहे, त्यास इतिहासाचा आधार नाही.

लोकांत दुसराही एक समज आहे. क्रॉप सेन्सरने लेन्सची पोहोच दीडपट होते, ४०० मिलीमीटरची लेन्स ६०० ची होते, असे दुकानात सांगितले जाते. हे ऐकावयास गोड खरे. परंतु लेन्स तीच राहते आणि तिने आत पाडलेली प्रतिमाही तेवढीच राहते. प्रतिमेच्या कडा जेथे पडतात तेथे सेन्सर नसतो, इतकेच. कडा गळाल्या म्हणून मधला भाग मोठा वाटतो. २०१७ सालच्या निकॉन डी८५० च्या पूर्ण चौकटीत सुमारे ४५.७ दशलक्ष बिंदू आहेत. तिचा मधला भाग तेवढा ठेविला तर साडेएकोणीस दशलक्षांच्या आसपास उरतात. २०१६ सालच्या डी५०० या कातरलेल्या चौकटीच्या कॅमेऱ्यात ते २०.९ दशलक्ष. म्हणजे एकाने आधी कापले आणि दुसऱ्याने मागाहून कापले, एवढाच काय तो भेद. मात्र दोन्ही कॅमेऱ्यांतील एकूण बिंदू सारखे असतील, तर दूरच्या हरणाच्या वाट्यास लहान सेन्सरमध्ये अधिक बिंदू येतात. हा लाभ खरा आहे. उलट पूर्ण चौकटीचे क्षेत्र कातरलेल्या चौकटीच्या सव्वादोन पटींहून अधिक असल्यामुळे तिच्यावर एकूण प्रकाशही तितक्या पटीने अधिक पडतो, आणि अंधूक उजेडात घेतलेले चित्र कमी दाणेदार होते. हाही लाभ तितकाच खरा आहे.

इतके समजल्यावर व्यवहाराचे उत्तर सोपे होते. २०२५ च्या जानेवारीच्या अखेरीस व फेब्रुवारीच्या आरंभी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरली होती. अशा ठिकाणी रात्री दिव्यांच्या प्रकाशात मल्लाचा डाव गोठवावयाचा तर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच अवधी मिळतो; मल्ल जवळ असतात, उजेड मात्र अपुरा असतो. तेथे पूर्ण चौकट उपयोगी पडते. याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, १९८० साली स्थापन झालेले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे; त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. तेथे सकाळी उजेड मुबलक असतो, पण काळवीट दूर असतो आणि त्याचे दूर असणे हेच त्याच्या जिवाचे रक्षण असते. तेथे कातरलेली चौकट सोयीची. शिवाय तिच्यासाठी लागणारी लेन्स हलकी आणि स्वस्त. आम्ही त्या तरुणास म्हटले, "तुझी जनावरे दूर आणि तुझी पिशवी हलकी. तू क्रॉप सेन्सरच घे." येथे विषय संपावयास हवा होता.

परंतु त्याने जाता जाता एक चित्र दाखविले. संध्याकाळची वेळ, उसाची कड, आणि उसातून अर्धा बाहेर आलेला बिबट्या. त्याचा एक पाय उचललेला, दृष्टी थेट आपल्यावर. चित्र सुरेख होते यात शंका नाही. ते एका स्पर्धेस पाठवावयाचे होते आणि त्याखाली 'रानाचा धनी' असे नाव लिहिले होते. "हे कोठे मिळाले?" असे विचारता तो म्हणाला, "आमच्या घरामागे." आम्ही मूळ चित्र पाहावयास मागितले. ते त्याने मित्राकडून मागून आणलेल्या पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्याने घेतले होते. लेन्स २०० मिलीमीटरची, बिबट्या साठएक मीटरांवर. मूळ चित्राच्या उजव्या कडेस, बिबट्याच्या आणखी वीस-पंचवीस पावले मागे, घराची मागची भिंत दिसत होती; दोरीवर कपडे वाळत होते, आणि ते काढणारी एक स्त्री पाठमोरी उभी होती. "ही कोण?" आम्ही विचारले. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आई."

तिला हाक मारलीस काय, असे आम्ही विचारले. त्यावर त्याने जे सांगितले ते आम्ही अद्याप विसरलो नाही. "सर, ती मला दिसलीच नाही. मी बिबट्याच्या डोळ्यावर फोकस धरला होता. रात्री चित्र मोठे करून पाहिले, तेव्हा दिसली." बिबट्या क्षणभर थांबून उसात परतला होता. आई कपडे घेऊन घरात गेली होती. तिला काहीच कळले नव्हते. आणि मुलाने ती उजवी कड कापून टाकिली होती. का, असे विचारता तो म्हणाला, "स्पर्धेत धुणे कोण पाहणार?"

वाचकहो, येथे थोडा हिशेब करण्याची परवानगी असावी. २०० मिलीमीटरच्या लेन्सने साठ मीटरांवर पूर्ण चौकटीत सुमारे अकरा मीटर रुंदी मावते. कातरलेल्या चौकटीत सुमारे सात. दोन्ही कडांचे मिळून चार मीटर गळतात. ज्यास आपण पोहोच म्हणतो, समीपता म्हणतो, ती या चार मीटरांचे मोल देऊन घेतलेली असते. त्या चार मीटरांत बहुधा गवत असते, आणि कधी कधी आई असते.

यावरून घाईने असे अनुमान कोणी काढील की पूर्ण चौकट सत्यवादी आणि कातरलेली चौकट असत्यवादी. पण तसे नाही. मुलाच्या हातात त्या दिवशी पूर्ण चौकटीचाच कॅमेरा होता. यंत्राने आई पाहिली. माणसाने पाहिली नाही. महाभारतातील द्रोणाचार्यांनी घेतलेली परीक्षा सर्वांस ठाऊक आहे. झाडावर कृत्रिम पक्षी ठेवून आचार्यांनी प्रत्येक शिष्यास काय दिसते ते विचारले. युधिष्ठिरास झाड दिसले, भाऊ दिसले, स्वतः गुरूही दिसले. त्यास त्यांनी बाजूस सारले. अर्जुनास केवळ पक्ष्याचे मस्तक दिसले. त्यास बाण सोडण्याची आज्ञा मिळाली. ही कथा आपण एकाग्रतेचा धडा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मुलांस सांगत आलो. पण तोच अर्जुन कुरुक्षेत्रावर रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करावयास सांगतो, आणि आजोबा, गुरू, मामा, भाऊ असे सारे एका दृष्टिक्षेपात दिसताच त्याच्या हातून गांडीव गळते. ज्यास बालपणी कडा वगळावयास शिकविले, त्यास प्रौढपणी कडा प्रथमच दिसल्या, असे म्हणावयास हरकत नाही. धनुर्धरास पक्ष्याचे मस्तकच दिसले पाहिजे, हे द्रोणांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. पण ते दिसण्यापूर्वी झाड दिसलेले असावे, आणि झाडाखाली कोण उभे आहे तेही दिसलेले असावे. क्रम असा हवा : आधी समग्र, मग समीप. ज्याने हा क्रम पाळला त्याची कातरलेली चौकट निर्दोष. ज्याने तो मोडला त्याची पूर्ण चौकटही आंधळी.

आता आमचाही एक दोष सांगितला पाहिजे. नाही तर हा उपदेश दुसऱ्यासच केल्यासारखा होईल. काही वर्षांपूर्वी आम्ही रेहेकुरीस पूर्ण चौकटीचा नवा कॅमेरा घेऊन गेलो होतो. कळप, माळ, बाभळी आणि पलीकडची शेते, असे सारे एका चित्रात आणावे, हा आमचा समग्रतेचा अभिमान. त्यासाठी लेन्स आखूड घेतली. आखूड लेन्सने काळवीट मोहरीएवढा दिसू लागला. म्हणून आम्ही पायवाट सोडून पुढे सरकलो, आणखी सरकलो. कळप उधळला. एक मादी मात्र थोडे पळून थांबली, वळून पाहू लागली, पुन्हा पळाली, पुन्हा थांबली. काळविटाची मादी पाडसास गवतात लपवून आपण दूर चरते, हे आम्ही पुस्तकांत वाचले होते. ते त्या क्षणी आठवले नाही. परतीच्या वाटेवर आठवले. ते पाडस आमच्या पायांपासून किती अंतरावर होते कोण जाणे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. त्यात शिकारीची जी व्याख्या आहे तीत केवळ मारणे येत नाही; जनावरास हाकणे आणि आमिष दाखविणे हेही येते. आमचा हेतू शिकारीचा नव्हता, हे खरे. पण त्या मादीस आमच्या हेतूशी काय कर्तव्य? समग्र दर्शनाच्या लोभाने आम्ही तिच्या अंगावर गेलो. कातरलेली चौकट आणि लांब लेन्स हाती असती, तर आम्ही दूरच राहिलो असतो.

तेव्हा छायाचित्रकारावर ऋणे दोन आहेत, आणि ती निरनिराळ्या धन्यांची आहेत. एक ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याचे. ते अंतराने फिटते. दुसरे जो चित्र पाहणार त्याचे. ते कडांनी फिटते. कातरलेली चौकट पहिले ऋण फेडावयास सोपी आणि दुसरे बुडवावयास सोपी. पूर्ण चौकटीचे याच्या नेमके उलट. दोन्ही ऋणे एकदम फेडील असा कॅमेरा कोणत्याही दुकानात मिळत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो बलवान आहे. कोणी म्हणेल : चौकट म्हटली की काहीतरी कापलेच जाणार. तुमची पूर्ण चौकट तरी पूर्ण कोठे? तिजहून मोठे सेन्सर आहेत. जुन्या छायाचित्रकारांच्या चार इंच गुणिले पाच इंचांच्या काचेपुढे तर ही 'पूर्ण' चौकट हाताच्या अंगठ्याएवढी. अंधगजन्यायातील एका आंधळ्याच्या हाती सोंड आली आणि दुसऱ्याच्या हाती कान. ज्याच्या हाती पाठ आली त्याने आपल्यास 'पूर्ण' हत्ती मिळाला म्हणावे, तसे हे झाले. आम्ही हा आक्षेप मान्य करतो. जैन तत्त्वज्ञांनी अनेकान्त सांगितला तो याचसाठी : अंश सांगणे हे असत्य नव्हे, अंशास पूर्ण म्हणणे हे असत्य. म्हणून आमची कसोटी किती कापले ही नाही. जे कापले ते पुन्हा दाखविले असता पाहणाऱ्याचा निर्णय बदलला असता काय, ही आमची कसोटी आहे. बदलला नसता, तर ती निवड. बदलला असता, तर ती फसवणूक, मग ती कितीही सुंदर असो.

कुस्तीचे उदाहरण घ्या. वाडिया पार्कवरील त्याच स्पर्धेत गादी विभागातील एका मोठ्या लढतीत पंचांनी एका मल्लास चितपट ठरविले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत असा त्या मल्लाने आक्षेप घेतला, आणि प्रकरण पंचांवर हात-पाय उचलण्यापर्यंत गेले. ते वर्तन कोणासही समर्थनीय वाटणार नाही. परंतु त्यानंतर त्या क्षणाची चित्रे घरोघरी पाहिली गेली, आणि जो तो आपल्या चित्रावरून न्याय देऊ लागला. आता ज्या चित्रात एकच खांदा आहे, ते चित्र दुसऱ्या खांद्याविषयी मुके असते. पण पाहणारा त्याच्या तोंडून बोलतो. १८७८ साली मायब्रिजने कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची चित्रे घेऊन, घोड्याचे चारही पाय एकाच वेळी अधांतरी असतात काय, हा वाद मिटविला. पण त्याने तो एका चित्राने मिटविला नाही. ओळीने अनेक कॅमेरे मांडून, एकामागून एक क्षण टिपून मिटविला. एका चौकटीवर निकाल देण्याची घाई त्याने केली नाही.

बिबट्याच्या बाबतीत तर हा प्रश्न मनुष्यांच्या जिवाशी येऊन भिडतो. अकोल्याच्या खोऱ्यात विद्या अथ्रेया आणि त्यांचे सहकारी यांनी शेतांच्या बांधांवर व पायवाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावून अभ्यास केला. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. दर शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे पाच प्रौढ बिबटे, जवळजवळ तितकेच तरस, आणि त्याच भूमीवर दर चौरस किलोमीटरास तीनशेहून अधिक माणसे, असे त्यात दिसून आले. ते कॅमेरे खांबास बांधलेले. त्यांस सौंदर्यदृष्टी नव्हती, म्हणून त्यांस कडा कापण्याचा मोहही नव्हता. गावातला बिबट्या हा वाट चुकलेला पाहुणा नसून तेथलाच रहिवासी आहे, ही गोष्ट त्या ओबडधोबड चित्रांनी सांगितली. आमच्या विद्यार्थ्याच्या सुरेख चित्राने मात्र तीच गोष्ट लपविली. ते चित्र पाहणारा शहरातला सद्‌गृहस्थ म्हणणार, 'जंगलचे जनावर जंगलात सोडून द्या'. कारण चित्रात त्यास जंगलच दिसते. धुण्याची दोरी दिसती, तर त्याच्या मनात निराळे प्रश्न उभे राहिले असते : घराला मागच्या बाजूस दिवा आहे काय? शौचालय घराजवळ आहे काय? शेतीस वीज रात्रीच का मिळते? मुले शाळेतून अंधार पडण्यापूर्वी पोहोचतात काय? अलीकडच्या वर्षांत या भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत, त्यांत लेकरेही आहेत. अशा वेळी चित्राची कड हा केवळ कलेचा प्रश्न राहत नाही. जनावरही त्या कडेत मरते आणि मनुष्यही.

कडा कापण्याची ही खोड एकट्या छायाचित्रकारांची नव्हे. माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत १९७९ साली जे अभयारण्य झाले, त्याचे क्षेत्र कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते, खासगी जमिनी असे सारेच आले, आणि लोकांस त्याचा जाच झाला. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले. लोकांची तक्रार रास्त होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण आरंभीच्या चौकटीत माणसे दिसली नव्हती आणि नंतरच्या चौकटीत पक्षी दिसेनासा झाला. आज महाराष्ट्रात माळढोकाचे दर्शन अत्यंत दुर्मिळ आहे. चौकट मोठी केली म्हणून समग्रता आली नाही, आणि लहान केली म्हणून पक्षी जवळ आला नाही.

तर मग त्या तरुणास अखेर काय सांगितले? कॅमेऱ्याविषयी आमचे मत बदलले नाही. क्रॉप सेन्सर घे, असेच आम्ही पुन्हा म्हटले. कारण तो त्याच्या ऐपतीत बसतो आणि त्यास जनावरापासून दूर ठेवतो. कुस्तीच्या रात्री चित्र थोडे दाणेदार आले तर येऊ दे. त्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण दोन अटी घातल्या. कॅमेरा डोळ्यास लावण्यापूर्वी एकदा उघड्या डोळ्यांनी सगळीकडे पाहावे. आणि प्रत्येक समीप चित्राबरोबर त्याच जागेचे एक समग्र चित्र, मोबाइलने का होईना, घेऊन दोन्ही एकत्र ठेवावी. त्यावर तो म्हणाला, "सर, स्पर्धेत दुसरे चित्र घेत नाहीत." यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. बक्षीस हवे असेल तर ते कदाचित सोडावे लागेल, एवढेच आम्ही म्हणू शकलो. आणि जो मनुष्य दोन वर्षे पैसे साठवितो त्यास हे सांगणे सोपे नाही, हेही आम्ही जाणून होतो.

महिन्याभराने त्याचा फोन आला. कॅमेरा घेतला होता. 'रानाचा धनी' स्पर्धेस पाठविले नव्हते. मूळ चित्र, कडांसकट, त्याने आईस दाखविले होते. "काय म्हणाली?" आम्ही विचारले. आम्हांस वाटले, ती घाबरली असेल, किंवा मुलावर रागावली असेल. तसे काही झाले नाही. तिने बिबट्या पाहिला, आपली पाठमोरी आकृती पाहिली, आणि चित्रावरचे बोट तसेच ठेवून मुलास विचारले, "आणि तू कुठं उभा होतास रे?"

जो चित्र घेतो तो कोणत्याही चौकटीत येत नाही, ही गोष्ट आम्ही इतकी वर्षे कॅमेरा हाताळूनही ध्यानात घेतली नव्हती. त्या माउलीने मात्र आधी त्यालाच शोधले.